दिसतं तसं नसतं: डोंगल, पेनड्राइव्ह आणि आमची घाई

गेल्या अंकात आम्ही घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट कसं बसवलं, ते लिहिलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, विंडोज ११ पेलण्याची त्या लॅपटॉपची ताकद नव्हती, आणि चालतं यंत्र भंगारात द्यायचं आमच्या जिवावर आलं होतं. म्हणून लिनक्स. लेखाच्या शेवटी आम्ही ऐटीत लिहून टाकलं होतं, "आता पुढचं सगळं सोपं आहे." ते वाक्य आज मागे घेतो.

कारण त्यानंतरच्या महिनाभरात दोन साध्या कामांनी आम्हाला घाम फोडला. एक, लॅपटॉपला इंटरनेट जोडणं. दुसरं, फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करणं. पहिल्या कामात फक्त एक रविवार गेला. दुसऱ्यात मात्र आमच्या मरहूम अब्बांचा आवाजच कायमचा जायची वेळ आली होती. तुमच्या घरावर ती वेळ येऊ नये, म्हणून आमच्या चुका आज क्रमाने सांगतो.

आधी कोंबडी की आधी अंडं?

लिनक्स सुरू झालं, पडदा छान दिसू लागला, पण वायफायचं चिन्हच दिसेना. लॅपटॉपमधल्या वायफायच्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. म्हणजे वायफायसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं. लेकीचा कॉलेजचा फॉर्म भरायचा होता, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि ती दर दहा मिनिटांनी येऊन आमच्या मागे उभी राहत होती.

तेव्हा कपाटातलं फोर-जी डोंगल आठवलं. पेनड्राइव्हसारखं दिसणारं, सिमकार्ड घालायचं ते यंत्र. डोंगल म्हणजे मोडेमच. पूर्वी टेलिफोनच्या तारेला लावायचे मोडेम असत. संगणकाची भाषा आवाजात बदलून तारेवरून पाठवायची आणि पलीकडून आलेल्या आवाजाची पुन्हा भाषा करायची, हे त्यांचं काम. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा घराघरांत हेच आले. लिनक्सवाल्यांचं मोडेमशी भांडणही तेव्हापासूनचं. त्या काळातले अनेक स्वस्त मोडेम आपलं अर्धं काम विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर ढकलत, त्यामुळे लिनक्सवर ते नुसते शोभेचे राहत. आजचं डोंगल तसं लंगडं नसतं. पण त्याची एक खोड आहे, आणि तीच आम्हाला नडली.

डोंगल लावलं. पडद्यावर सीडीचं चित्र आलं. आम्ही ते उघडलं. आत 'सेटअप' नावाची फाइल. तिच्यावर क्लिक केलं, काही झालं नाही. पुन्हा केलं. मग डोंगल काढून दुसऱ्या खाचेत लावलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा तेच. आमच्यातल्या एकाने निकाल दिला, "डोंगल खराब झालंय." दुसरीने दिला, "लिनक्स खराब आहे." दोन्ही निकाल चुकीचे होते.

खरी गोष्ट अशी. डोंगलच्या पोटात एक छोटी सीडी लपवलेली असते, तिच्यात विंडोजचा ड्रायव्हर. डोंगल लावल्यावर ते आधी स्वतःला सीडी म्हणून ओळख देतं. विंडोजने त्या सीडीतला ड्रायव्हर बसवला की सीडीचा बुरखा बाजूला ठेवून ते मोडेम म्हणून पुढे येतं. ती 'सेटअप' फाइल विंडोजची, लिनक्सवर ती चालणारच नाही. लिनक्समध्ये हा बुरखा काढायचं काम 'यूएसबी मोडस्विच' नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. मिंटमध्ये तो बहुतेक वेळा आधीच असतो आणि ओळखीच्या डोंगलांना आपोआप बदलतो. आमचं डोंगल त्याच्या ओळखीचं नसावं.

उपाय मात्र हसू यावं इतका साधा निघाला. त्या सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' म्हणायचं आणि डोंगल न काढता अर्धा मिनिट गप्प बसायचं. पुष्कळ डोंगलांना सीडी 'बाहेर काढली' हाच इशारा पुरतो. आमच्या डोंगलवरचा दिवा लुकलुकला आणि नेटवर्कच्या यादीत 'मोबाइल ब्रॉडबँड' ही ओळ उगवली.

बदल खरोखर झाला की नाही, हे पाहायचीही सोय आहे. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, एल एस यू एस बी अशी पाच अक्षरं टाइप करून एंटर दाबा. यूएसबीला जे जे जोडलंय त्याची यादी येईल. प्रत्येक ओळीत 'आयडी' शब्दापुढे चार-चार अक्षर-अंकांची जोडी असते. इजेक्ट करण्याआधीची जोडी कागदावर लिहून ठेवा, नंतरची तिच्याशी ताडून पाहा. मागचा भाग बदलला असेल तर डोंगलने रूप बदललं. यादीत डोंगल दिसतच नसेल, तर दोष खाचेत, वायरीत किंवा डोंगलमध्ये आहे. सॉफ्टवेअरशी झटापट करण्यात अर्थ नाही. एका खाचेला चार खाचा करणारा जोड वापरत असाल तर तो काढून डोंगल थेट लॅपटॉपला लावून पाहा. डोंगलला वीज जास्त लागते, आणि अशा जोडांतून ती कधी कधी पुरत नाही.

टर्मिनलची आणखी एक गंमत. काही आज्ञांना ते पासवर्ड मागतं, आणि आपण टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. आम्ही कीबोर्ड बिघडला समजून तो उलटा करून झटकला. कीबोर्ड ठीक होता. पासवर्ड न दाखवणं ही तिथली रीतच आहे. डोळे मिटून लिहिल्यासारखं लिहायचं आणि एंटर दाबायचा.

'मोबाइल ब्रॉडबँड' आलं तरी इंटरनेट लगेच सुरू झालं नाही. नवीन जोडणी करताना देश, कंपनी आणि प्लॅन विचारतात. आम्ही डोंगलवर छापलेलं नाव निवडलं. पण आतलं सिम होतं वेगळ्याच कंपनीचं! प्रत्येक कंपनीच्या दाराचं नाव निराळं असतं, त्याला एपीएन म्हणतात. जिओचं 'जिओनेट', बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. सिम ज्याचं, एपीएन त्याचं. डोंगलवर कुणाचंही नाव असो. काही डोंगलं एकाच कंपनीच्या सिमपुरती बांधलेली असतात, त्यांत दुसरं सिम चालतच नाही. आमचं सुदैवाने मोकळं होतं. आणि तुमच्याकडचं डोंगल जुनं थ्री-जीचं असेल, तर त्यावर रविवार घालवण्याआधी आपल्या भागात ती सेवा अजून आहे का ते विचारा. अनेक ठिकाणी ती बंद झाली आहे.

इंटरनेट आलं. मिंटमधल्या 'ड्रायव्हर मॅनेजर'ने वायफायचा ड्रायव्हर स्वतःच शोधून बसवला. लेकीचा फॉर्म रात्री अकराला गेला. तिने विचारलं, "फोन वायरने लावून 'यूएसबी टेदरिंग' का नाही केलं? लॅपटॉपला ते केबलचं इंटरनेट वाटतं, ड्रायव्हर लागत नाही." अगदी खरं होतं. डोंगल नसेल त्यांनी तेच करावं. आम्हाला ते सुचलं नाही, आणि ती बाहेरून आमची फजिती पाहत बसली होती, हेही इथे नोंदवून ठेवतो.

"डी कुठे गेलं?"

आता दुसरं काम. लॅपटॉपच्या डिस्कचे पूर्वी दोन भाग होते, सी आणि डी. सी वर विंडोज होतं, तिथे आता लिनक्स. डी ला आम्ही हात लावला नव्हता. त्यात बारा वर्षांचे फोटो, घराची कागदपत्रं, आपाच्या लग्नाची व्हिडिओ, आणि अब्बांचा 'आवाज' नावाचा फोल्डर. शेवटच्या आजारपणात अब्बा नातवंडांना आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे. खाडीतली होडी, पहिला पगार, अम्मीला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस. लेक ते फोनवर टिपायची. नऊ तुकडे, सगळे मिळून १४० एमबी.

लिनक्समध्ये सी, डी अशी नावं नसतात. सगळं एकाच मुळापासून फांद्या फुटाव्यात तसं असतं, आणि जुना डी भाग फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला त्याच्या आकाराच्या नावाने दिसतो, जसं '२०० जीबी व्हॉल्यूम'. नवख्या माणसाला वाटतं सगळं पुसलं गेलं. घाबरू नका, त्या नावावर क्लिक करा. लॅपटॉपवर विंडोजही ठेवलं असेल आणि तो भाग नुसता वाचता येत असेल, त्यात लिहिता येत नसेल, तर विंडोज नीट बंद झालेलं नाही. त्याची 'फास्ट स्टार्टअप' सोय बंद करून ते पूर्ण बंद करा, मग लिनक्समध्ये या.

आपा शारजाहून सुट्टीला आली होती. पहाटे तिची गाडी मुंबईला निघायची होती. तिने सांगितलं, "मला अब्बांचं सगळं पेनड्राइव्हवर द्या." रात्री आम्ही ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावला, सगळे फोल्डर ओढून त्यात टाकले. मध्ये एक चौकट आली, इंग्रजीत काहीतरी मोठी फाइल म्हणत होती. आम्ही 'स्किप' दाबून मोकळे झालो. पट्टी भरत भरत शेवटाला पोहोचली आणि नाहीशी झाली. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आम्ही पेनड्राइव्ह खसकन उपटला, आपाच्या पर्समध्ये टाकला, आणि ती निघाली.

त्याच रविवारी डी भाग पुसून ती जागा लिनक्सला द्यायचं आम्ही ठरवलं होतं. अम्मी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "आपाचा निरोप येईपर्यंत जुन्याला हात लावू नका. नव्या पिंपातले तांदूळ पाहिल्याशिवाय जुनं पिंप कुणी धुतं का?" आम्ही मनात हसलो. पण अम्मींचा शब्द म्हणून थांबलो.

चौथ्या दिवशी आपाचा निरोप आला. बरेच फोटो दिसताहेत, पण शेवटचे दोनेकशे नुसते राखाडी आहेत. लग्नाची व्हिडिओ नाहीच. आणि 'आवाज'मधल्या नऊही फाइली शून्य आकाराच्या. नावं आहेत, आत काही नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. डी भाग तसाच होता, सगळं शाबूत होतं. पण रविवारी पुसला असता तर?

पट्टी भरली म्हणजे काम झालं नाही

काय झालं होतं, ते समजून घेऊ. पेनड्राइव्ह सावकाश लिहितो. संगणकाला तेवढा वेळ थांबवायला नको, म्हणून लिनक्स फाइली आधी आपल्या मेमरीत घेतं आणि तिथून हळूहळू पेनड्राइव्हवर उतरवतं. त्यामुळे पडद्यावरची पट्टी संपली तरी शेवटचा काही भाग अजून मेमरीतच असू शकतो. पाहुण्यांच्या हातात ताट दिलं, पण रस्सा अजून पातेल्यातच आहे, तसं. आमच्या बाबतीत शेवटी निघालेला फोल्डर 'आवाज'च होता, आणि तोच मध्येच अडकला.

म्हणून पेनड्राइव्ह काढण्याआधी त्याच्या नावापुढचं 'इजेक्ट' दाबायचं. 'आता काढू शकता' असा निरोप येईपर्यंत थांबायचं. कधी पाच सेकंद लागतात, कधी पाच मिनिटं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत असला तरी.

'स्किप' दाबलेली ती फाइल आपाच्या लग्नाची, पाच जीबीची. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह दुकानातून बहुतेक फॅट-३२ या पद्धतीने आखून येतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, मग बाकी पेनड्राइव्ह रिकामा का असेना. मोठे व्हिडिओ न्यायचे असतील तर पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने आखून घ्यावा. तो लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे चालतो. मात्र आखणी करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच आखा. आणि यादीतून नाव निवडताना तो खरोखर पेनड्राइव्हच आहे ना, हे आकार पाहून दोनदा ताडा.

आणखी दोन अडचणी नंतर लक्षात आल्या. लिनक्समध्ये फाइलीच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालतं, पेनड्राइव्हच्या या दोन्ही पद्धतींत चालत नाही. 'ईद सकाळी १०:३०' असं नाव दिलेला फोटो तिथे अडतो. नाव बदला, जाईल. दुसरं, लिनक्सला इंग्रजीतलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. मोठ्या पी चा 'फोटो' आणि लहान पी चा 'फोटो' असे दोन फोल्डर तिथे शेजारी नांदतात. पेनड्राइव्हवर मात्र ते एकच समजले जातात आणि एकातलं दुसऱ्यात मिसळतं. टर्मिनलमधून सीपी या आज्ञेने कॉपी करत असाल तर ती त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसून नवी ठेवते, हेही ध्यानात असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे तपासणी. कॉपी झाली, इजेक्ट केलं, पेनड्राइव्ह काढला. तो पुन्हा लावा. हा पुन्हा लावण्याचा टप्पा गाळू नका. न काढताच तपासलं तर लिनक्स मेमरीतल्या ताज्या प्रतीवरून 'सगळं ठीक' म्हणू शकतं, पेनड्राइव्हवर काय उतरलंय ते कळतच नाही. मग दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळला पाहिजे.

पक्की खात्री हवी असेल तर टर्मिनलमध्ये डी आय एफ एफ ही आज्ञा लिहा, जागा सोडा, आडवी रेघ आणि तिला चिकटून लहान आर लिहा, पुन्हा जागा सोडा. मग मूळ फोल्डर माऊसने ओढून त्या खिडकीत सोडा, त्याचा पूर्ण पत्ता आपोआप लिहिला जातो. जागा सोडून तसाच पेनड्राइव्हवरचा फोल्डर ओढा, एंटर दाबा. ती प्रत्येक फाइल आतून वाचून दुसरीशी जुळवते, म्हणून वेळ लागतो. काही चुकलं असेल तर त्या फाइलीचं नाव दाखवते. सगळं जुळलं तर काहीच बोलत नाही, नुसती पुढच्या ओळीवर येते. आम्ही आधी समजलो आज्ञा चाललीच नाही. पण लिनक्सचा स्वभावच तसा आहे. सगळं ठीक असलं की ते गप्प असतं.

तपासताना 'इनपुट-आउटपुट एरर' असं आलं तर मात्र तिथेच थांबा. जुनी डिस्क म्हातारी झाल्याची ती खूण असू शकते. पुन्हा पुन्हा वाचायला लावून तिला आणखी दमवू नका. सगळ्यात मोलाचं जे असेल ते आधी काढून घ्या, बाकीचं जाणकाराला दाखवा.

पुन्हा डोंगलच

आपाला सगळं पुन्हा पाठवायचं तर ११ जीबी होतं, आणि डोंगलच्या सिमवर रोजचा डेटा दीड जीबी. त्यातच घरचं वायफाय त्या दिवशी बंद होतं. म्हणून फोटो आणि व्हिडिओ पुढच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवायचे ठरवले, एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर, तपासून. 'आवाज' मात्र त्याच रात्री पाठवला. डोंगल लावलं, सीडीचं चित्र आलं, इजेक्ट केलं, दिवा लुकलुकला. नऊ फाइली व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या, म्हणजे आहे तशाच पोहोचतात. जुन्या टेलिफोनच्या तारेवर, ५६ केबीपीएसच्या मोडेमने, तेवढ्यालाच साडेपाच तास लागले असते. आमचं काम चहा थंड होण्याआधी झालं.

या वेळी आम्ही 'पाठवलं' या खुणेवर विश्वास ठेवला नाही. आपाला म्हटलं, "नऊही ऐक आणि मग कळव." अर्ध्या तासाने तिचा निरोप आला. "नऊही ऐकले. सातव्यात अम्मी मागून ओरडताहेत, चहा घ्या म्हणून." अम्मींना ते ऐकवलं. त्या म्हणाल्या, "आता धुवा तुमचं पिंप."

आम्ही अजून धुतलेलं नाही. आधी तिसरी प्रत करून दुसऱ्या घरी ठेवणार, मगच. पुढच्या अंकात त्याबद्दलच लिहू: घरातले फोटो आणि कागदपत्रं किती ठिकाणी ठेवावीत, कोणत्या नावाने, आणि ती दर किती दिवसांनी तपासावीत. तोवर ज्या कुणाच्या पर्समध्ये एखादा पेनड्राइव्ह पडून आहे, त्यांनी तो आज लावून उघडून पाहावा. आतल्या फाइलींची नुसती नावं पाहून समाधान मानू नये.